थांबायची मुभा

स्खिपोल विमानतळाखालूनच रेल्वे मिळते आणि अर्ध्या तासात उट्रेख्ट येतं. दोन्ही बाजूंना सपाट कुरणं, सरळ आखलेले पाट. सह्याद्रीला सरावलेली नजर कुठे टेकावी म्हणून शोधत राहिली, ती थेट ११२ मीटर उंच डोम टॉवरवरच थांबली.

मी फॅमिली मेडिसिनची रेसिडेंट. ‘एफएम ३६०’ या तरुण फॅमिली डॉक्टरांच्या देवाणघेवाण योजनेतून उट्रेख्टजवळच्या एका गावातल्या दवाखान्यात आले होते, तेही निरीक्षक म्हणून. पाहायचं, विचारायचं, पेशंटला हात लावायचा नाही.

इथे पांढरा कोट कुणाच्याच अंगावर नव्हता. डॉक्टर स्वतः उठून बाहेर जायच्या, नाव घेऊन पेशंटला आत आणायच्या. प्रत्येकाला दहा मिनिटं. सकाळी तापाने फणफणलेलं एक मूल आलं. कान, घसा, छाती, मान, सगळं नीट तपासून झालं आणि सल्ला मिळाला: पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि अमुक खुणा दिसल्या तर लगेच फोन. ना अँटिबायोटिक, ना रक्ततपासणी. आई निश्चिंतपणे निघाली. आमच्या ओपीडीत ‘निदान एक इंजेक्शन तरी द्या’ झालं असतं!

दुपारी घरभेटी, सायकलवरून. समोरून वारा, मागे मी धापा टाकत. वाटेत त्या आईच्या निश्चिंतपणाचं कोडं उलगडत गेलं. इथे माणूस एकाच दवाखान्यात नोंदलेला असतो, स्पेशालिस्टकडे जायला त्याच डॉक्टरांची चिठ्ठी लागते. विम्यात वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतःच्या खिशातून भरावे लागतात, पण फॅमिली डॉक्टरची भेट त्यातून वगळलेली. रात्री-सुट्टीला वेगळं केंद्र उघडं असतं. त्यामुळे उद्या परत येण्यात ना पैसा जातो, ना रोजगाराचा दिवस बुडण्याची भीती.

इथे शिकणारा डॉक्टर आपल्या तपासणीचं चित्रीकरण करून आठवड्यातून एक दिवस संस्थेत सहकाऱ्यांसमोर ठेवतो. अशाच एकाने मला विचारलं, “जुलैत तापाचं मूल आलं तर तू काय करशील?” मी डेंगी, मलेरिया, लेप्टो मोजले. तो वहीत लिहून घेऊ लागला. “आणि ते उद्या परत येईल?” तो म्हणाला.

कदाचित दुसऱ्याच डॉक्टरकडे जाईल, मी म्हटलं. कदाचित एसटी चुकेल.

संयम मी तिथून शिकून आणू शकते. पण पेशंटला थांबायला सांगण्याआधी, त्याला परत येता येईल अशी वाट बांधावी लागते, आणि ती एकट्या डॉक्टरने बांधायची गोष्ट नाही.