आधी विचारपूस

टेंभुर्णीच्या पोरांनी कृषी सेवा केंद्रासाठी काढलेले फलकाचे नमुने आज पाहिले. रंग देखणे, पण दुकानदाराला नेमकं काय सांगायचंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. मला चित्रापेक्षा ती विचारपूस मोलाची वाटते. बियाण्याची पिशवी घेणारा शेतकरी काय वाचतो, किती लांबून वाचतो? कच्ची रेखाटनं त्याच्यापुढे ठेवायची, त्याचं ऐकून खोडायची, पुन्हा काढायची. वाचणाऱ्याचा विचार केला की थोडक्यातही भागतं, हे रुपयाच्या चिन्हात बघा. पवईच्या आयआयटीत डिझाइनचं संशोधन केलेल्या डी. उदयकुमार यांचं हे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारलं. देवनागरी र, रोमन आर आणि शिरोरेषा, बस्स! तिथे तर गिऱ्हाईक अख्खा देश होता. पोरांनो, उद्या रंग घरीच ठेवा. वही घेऊन दुकानाच्या ओट्यावर बसा.