एक दशांश चव्वेचाळीस

बंगळूरच्या इंदिरानगरात माझी मुलगी राहते. तिच्या घराजवळच्या हमरस्त्याचे नाव शंभर फुटी रस्ता असे आहे आणि त्या भागातली घरांची जागा अजूनही ‘तीस-चाळीस’ किंवा ‘चाळीस-साठ’ अशी फुटांतच सांगितली जाते. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, मीटर कागदोपत्री आला; लोकांच्या तोंडचा फूट मात्र गेला नाही. गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा सामानात एक पत्र्याचा डबा होता. त्यात साडेतीन इंची सात फ्लॉप्या होत्या. माझ्या प्रबंधासाठी १९९४ पर्यंत जमविलेली सामग्री त्यांवर होती आणि तिच्यातच गडहिंग्लजकडच्या माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या.

फ्लॉपी वाचणारे यंत्र मुलीने एका सहकाऱ्याकडून मागून आणले. ते जोडता जोडता तिने विचारले, “आई, या सातांत मिळून किती मावत असेल गं?” प्रत्येकीवर १.४४ मेगाबाइट असे छापलेले होते. मी सातांनी गुणून १०.०८ सांगितले. ती हसली आणि कागद पुढे ओढून तिने जो हिशेब मांडला, तो मला एखाद्या पोथीच्या पाठभेदांसारखा वाटला. तबकडीला दोन बाजू; प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळे; प्रत्येक वर्तुळाचे १८ खंड; खंडात ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६०. दहा लक्षांचा एक मेगाबाइट धरला, तर हे १.४७ होतात, १०२४ चा वर्ग धरला, तर १.४१. छापलेला आकडा या दोहोंतही बसत नाही, कारण तो काढणाऱ्याने एकदा १०२४ ने भागले आणि दुसऱ्यांदा १००० ने! म्हणजे त्याच सात तबकड्यांचे एका रीतीने १०.३२, दुसरीने ९.८४ आणि माझ्या भाबड्या गुणाकाराने १०.०८. पुढे १९९८ साली १०२४ च्या हिशेबातल्या मापाला ‘मेबीबाइट’ हे स्वतंत्र नाव मिळाले. पण बोलण्यात ते फारसे रुळले नाही. आण्याचे सव्वासहा नवे पैसे करताना आमच्या वडीलधाऱ्यांची जी तारांबळ उडाली असेल, ती मला त्या कागदापाशी बसून कळली.

परंतु हा घोळ केवळ भागाकाराचा नव्हे. वजनमापांचा कायदा झाला त्याच १९५६ साली आयबीएम कंपनीने चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्यांचे एक अवाढव्य साठवणयंत्र बाजारात आणले. त्यात ५० लक्ष अक्षरे मावत. मात्र ते अक्षर सहा बिटांचे होते आणि आजचा बाइट आठ बिटांचा आहे; म्हणून आजच्या मापाने ती धारणा ३७.५ लक्ष बाइट एवढीच भरते. अक्षराचेच वजन बदलले, तर तराजूने करायचे काय? आपल्याकडचे लेखनिक या बाबतीत अधिक सावध होते, असे मला वाटते. पोथीच्या अखेरीस ते ‘ग्रंथाग्र’ नोंदवीत; बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ, असा तो हिशेब असे. पाने लहान असोत की मोठी, मोजली जात ती अक्षरे.

मराठी अक्षराची गोष्ट तर आणखी वेगळी. ‘मराठी’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो. संगणकाला त्यात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे दिसतात. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली जे मानक ठरले, त्यात प्रत्येक चिन्हाला एक बाइट होता, म्हणजे हा शब्द पाच बाइटांचा. आज युनिकोडच्या सर्वांत प्रचलित लेखनपद्धतीत एकेका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि तोच शब्द पंधरा बाइटांचा होतो. जिच्यात तेव्हा पावणेपंधरा लक्ष चिन्हे मावली असती, त्याच तबकडीत आता पाच लक्षही मावणार नाहीत.

माझा मजकूर तर कोणत्याच मानकात नव्हता. अक्षरजुळणी करणाऱ्याने आपल्या दुकानातल्या फाँटमध्ये तो बसविला होता. पहिली फ्लॉपी उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा कचरा दिसला. मुलीने दोन संध्याकाळी खपून कोणत्या खुणेचे कोणते चिन्ह, याचा तक्ता केला. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली आणि रफार अक्षराच्या नंतर. दोहोंना उच्चाराच्या क्रमात आणावे लागले. अखेर माझीच तीस वर्षांपूर्वीची वाक्ये पडद्यावर उमटू लागली. त्यांतली काही आता मला मान्य नाहीत, पण ते असो.

सहा तबकड्या वाचल्या गेल्या. सातवीचे पत्र्याचे झाकण सरकवून पाहिले, तर आतल्या काळ्या चकतीवर बुरशीची पांढरी नक्षी होती. तीच मावशीच्या ओव्यांची. एकूण ३१२ ओव्या. ओवीला शंभर बाइट धरले, तर सारा ऐवज त्या तबकडीचा जेमतेम सत्तेचाळिसावा हिस्सा. प्रबंधाच्या परिशिष्टात मी निवडक ४० छापल्या होत्या. उरलेल्या ज्या वह्यांत होत्या, त्या वह्या, मजकूर आता ‘सुरक्षित’ झाला म्हणून, मी स्वतःच्या हाताने रद्दीत घातल्या. त्या वेळी घर लहान होते, हे कारण मी मुलीला सांगितले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते. पाठचिकित्सा शिकविणाऱ्या बाईने मूळ प्रत राखू नये, याला काय म्हणावे!

“तुला आठवतात का काही?” मुलीने विचारले. मावशी २००३ साली गेली. मी डोळे मिटून जात्याची लय धरली. परिशिष्टाबाहेरच्या १९ ओव्या जशा आठवल्या तशा म्हटल्या आणि मुलीने त्या लिहून घेतल्या. तीन ठिकाणी मी अडखळले. तिथे तिने टिंबे दिली. त्या फाइलीचा आकार संगणकाने साडेचार किलोबाइटांच्या आसपास दाखविला, आणि तिने डिस्कवर अडविलेली जागा मात्र आठ. मी कारण विचारले नाही. मावशीची धाकटी जाऊ अजून हयात आहे. दिवाळीनंतर गडहिंग्लजला जायचे ठरविले आहे. टिंबांच्या जागी काय होते, ते तिला विचारायचे आहे. या खेपेला वहीही बरोबर नेणार आहे.