त्यावर माझ्या वाजतील का?

सबमिशनच्या आठवड्यात माणसाला नको ते सुचतं. मला नवा टर्नटेबल घ्यायचं सुचलं!

अंबडजवळच्या आमच्या गावी आजोबांचा जुना रेकॉर्ड प्लेयर आहे. सोबत बालगंधर्वांच्या लाखेच्या तबकड्या, ७८ आरपीएमच्या. त्यात मी एलपींची भर घातली. सळईच्या कारखान्यांमुळे जालन्यात भंगाराला तोटा नाही. तिथूनच एकेक करत चाळीस झाल्या. पण या प्लेयरचं सिरॅमिक कार्ट्रिज सुईवर पाच-सहा ग्रॅम भार टाकतं. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा भार दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे प्रत्येक वेळी गाणं ऐकायचं आणि थोडं थोडं पुसायचं! मोसंबीच्या पैशांतून बाबा मदत करायलाही तयार झाले.

सुट्टीत आजोबांना सगळं समजावलं. ते एवढंच म्हणाले, "त्यावर माझ्या वाजतील का रे?"

वायवात होतो तसा गप्प झालो. मी बघून ठेवलेल्या मशीनला ३३ आणि ४५ असे दोनच वेग. शिवाय ७८ची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद, तिला जाड सुई लागते. जुन्या प्लेयरला दोन्ही सुया आहेत. खटका फिरवला की झालं.

शेवटी नव्या सुया घेतल्या, आतल्या चाकाचं झिजलेलं रबर बदललं. बाबांचे पैसे परत केले. एलपी पहिल्या पगारापर्यंत कव्हरातच राहतील.

मित्रांनो, माझ्या रेकॉर्ड थांबू शकतात. आजोबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत.