आशालताबाईंचं वय

आमच्या वर्धा जिल्ह्यात कस्तुरबा म्हणजे आधी दवाखाना. आष्टीत कोणाचं दुखणं लांबलं, आर्वीच्या डॉक्टरनेही हात टेकले, की पेशंटला सेवाग्रामला कस्तुरबात भरती करतात. सोबतीला गेलेली बाई सतरंजी आणि डबा घेऊन तिथे मुक्काम ठोकते आणि परत आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते गल्लीभर सांगत फिरते. ज्या बाईचं नाव त्या दवाखान्याला आहे ती कशी होती, याची कुणी कधी चौकशी करत नाही. शाळेच्या सहलीत तिथल्याच आश्रमात बापू कुटीसमोर आम्हाला रांगेत बसवलं होतं. बा कुटी त्यानंतर घाईघाईत दाखवली, कारण डबे खायची वेळ झाली होती. आदि निवासात माणसांची फार दाटी होई म्हणून जमनालाल बजाजांनी बांसाठी ती वेगळी बांधून दिली, एवढं सरांनी सांगितलं. मी आत डोकावले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर खऱ्या कस्तुरबा आल्याच नाहीत. आल्या त्या रोहिणी हट्टंगडी.

याचं कारण ॲटनबरोंचा 'गांधी'. १९८२ सालचा हा सिनेमा पुढे कितीतरी वर्षं गांधीजयंतीच्या सुमाराला टीव्हीवर लागत राहिला. तो केला तेव्हा ही मुलगी जेमतेम तिशीची होती, आणि तिला थेट चौऱ्याहत्तरीत मरणाऱ्या बांपर्यंत पोचायचं होतं. १९८३ साली ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार सहायक अभिनेत्री म्हणून तिला मिळाला, मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून. बाफ्टा आष्टीला माहीत नाही, त्याने आष्टीचं काही अडलंही नाही. मला त्या सिनेमातला संडास सफाईचा प्रसंग कायम लक्षात राहिला. दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमात सगळ्यांनी पाळीपाळीने करायचं काम, बा नकार देतात, संतापलेला नवरा दंड धरून त्यांना दाराकडे ओढत नेतो. त्या वेळी रोहिणीबाई रडत नाहीत, ओरडतही नाहीत. नवऱ्याला लाज वाटावी इतपतच बोलतात. तो वरमतो, माफी मागतो. मग त्या पदर सावरतात आणि ते काम करायला निघतात. हार पत्करून निघाल्यात की जिंकून, ते त्या पाठमोऱ्या चालण्यात शेवटपर्यंत कळू देत नाहीत. घरात वाद घालून पुन्हा त्याच मोरीत भांडी घासायला बसणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांची पाठ अशीच दिसते.

रोहिणीबाई माहेरच्या ओक, पुण्याच्या. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली शिकल्या, तिथेच जयदेव हट्टंगडी भेटले. विद्यालयात शोझो सातो या जपानी दिग्दर्शकाने बसवलेल्या 'इबारागी' या काबुकी नाटकात काम केलं. काबुकी ही शतकानुशतकं पुरुषांनीच करायची कला. मुंबईत आल्यावर 'आविष्कार' या नाट्यसंस्थेसाठी लॉर्काच्या 'येर्मा'वरून केलेलं 'चांगुणा', नंतर जयदेवांच्याच दिग्दर्शनात एकटीने पेललेली 'अपराजिता'. 'अर्थ'मधली मोलकरीण आणि 'पार्टी'मधली नाटककाराची दारूत बुडालेली बायको, या दोन भूमिकांबद्दल अनुक्रमे फिल्मफेअर आणि राष्ट्रीय पुरस्कार. 'पार्टी' हे नाटक यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याच्या महेश एलकुंचवारांचं, तेव्हा इथे विदर्भाचा थोडा वाटा मी उगाचच मागून घेते.

त्यांच्या कामांची यादी वाचत गेलं की एक गोष्ट खटकते. या बाईला स्वतःचं वय कोणी जगूच दिलेलं नाही. 'सारांश'मध्ये मुलगा गमावलेली म्हातारी पार्वती झाली, तेव्हाही ती तिशीतच होती. तिच्यासमोरचे अनुपम खेर तिच्याहून लहान. पण त्यांची ती सुरुवात होती आणि म्हातारा होणं हा त्यांचा पराक्रम ठरला. हिच्या बाबतीत ती सोय झाली. १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये ती अमिताभ बच्चनची आई आहे, आणि अमिताभ तिच्यापेक्षा वयाने चांगलेच मोठे. आपल्याकडे चांगल्या नटीला हे बक्षीस मिळतं: उत्तम काम केलंस ना, मग हे घे पांढरे केस. 'चालबाज'मध्ये तिने दुष्ट काकू केली, तीही मजा घेत केली. पण नायिका होण्याची वर्षं भलत्याच बायकांची वयं वाहण्यात गेली.

मग २००१ साली ईटीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' सुरू झाली, आणि रोहिणीबाई आशालता देशमुख म्हणून आमच्या घरात आल्या.

घरात म्हणजे कापसाच्या खोलीत. भाव चढेल या आशेने आमच्याकडे कापूस घरातच रचून ठेवत. खोली निम्मी भरलेली, उरलेल्या निम्म्यात टीव्ही, एक बाज आणि आम्ही. कापसात बसलं की अंगाला खाज सुटते, तरी हिवाळ्यात तिथल्यासारखी ऊब दुसरीकडे नसायची, म्हणून शेजारणीही तिथेच येत. मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, मालिका बघता बघता वाती वळायची. चिमूटभर कापूस उपटायचा, सरकी दाताने काढायची, तळहातावर ताणून बोटाला राख लावून पीळ द्यायचा. तिची नजर एकदाही हाताकडे जात नसे. आशालताबाई सुनेला काही लागट बोलल्या की पीळ घट्ट बसायचा. तेवढ्या वाती निरांजनात नीट जळत नाहीत, अशी तिचीच तक्रार असे.

लोडशेडिंगचे दिवस होते. ऐन प्रसंगात वीज जायची आणि सासूच्या मनात काय होतं यावर अंधारात चर्चा चालायची. दुपारी तोच भाग पुन्हा लागायचा. तेव्हा वीज असली तर बाया शेतात, आणि बाया घरी असल्या तर वीज नाही. त्यामुळे आमच्या गल्लीने ती मालिका अर्धी पाहिली आणि अर्धी रचली. खरं सांगायचं तर रचलेली अर्धी जास्त बरी होती. मालिकेत कट शिजायचे, मेलेली माणसं परतायची, एक थोबाडीत तीन बाजूंनी तीनदा बसायची आणि दर खेपेला वीज कडाडल्यासारखा आवाज व्हायचा. मी तेव्हा कॉलेजात होते. बाफ्टा मिळवलेल्या बाईने हे का करावं, याचा मला राग यायचा. तो राग अजून पुरता गेलेला नाही. तीन हजारांच्या वर भाग लिहिताना लिहिणाऱ्यांनीही कधीतरी हात आखडता घ्यायला हवा होता.

पण पुढे मालिकेचं काम कसं चालतं हे थोडं कळलं, तेव्हा रागाला धार उरली नाही. सकाळी सेटवर यायचं, तोंडाला रंग लावेपर्यंत सीनचे कागद हाती पडतात, कधी शाई ओली असते. दिवसभरात बारा-बारा तास काम, कारण आधी करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आलेली असते. नाटकासारखी महिनाभर तालीम नाही, सिनेमासारखं चुकलेलं सावकाश सुधारणं नाही. पात्र पुढे कुठे जाणार हे नटीला माहीत नसतं, लिहिणाऱ्यालाही नसतं; ते टीआरपीच्या आकड्यांवर ठरतं. अशा कामात चांगलं दिसण्यापेक्षा खोटं न दिसणं अवघड. रोहिणीबाईंनी त्यासाठी एक साधा मार्ग धरला होता, असं आता जुने भाग पाहताना वाटतं. त्या वाक्य संपलं की थांबत. कॅमेरा आणि संगीत आपला गोंधळ घालून घेत, तोवर त्या फक्त ऐकत असत, समोरचं माणूस खरंच काहीतरी म्हणतं आहे अशा. मालिकेतले बहुतेक जण आपली पाळी येण्याची वाट पाहतात. ऐकणारं कोणी क्वचितच असतं.

आणखी एक गोष्ट त्या मालिकेने केली, जी सिनेमाला जमली नव्हती. २००१ ते २०१३ या काळात आशालता आणि रोहिणी एकाच गतीने म्हाताऱ्या झाल्या. मेकअपवाल्याने लादलेलं ते वय नव्हतं. गालाची ठेवण हळूहळू उतरली, चालण्यात जडपणा आला, आवाज खाली बसला. मधल्या काळात, २००८ साली, रोहिणीबाईंचे पती जयदेव गेले. मालिका चालू होती. त्यानंतरच्या भागांत आम्ही काही ओळखलं का? नाही. आम्ही त्या वेळी देशमुखांच्या इस्टेटीची काळजी करत होतो. पण बाजेवर बसलेल्या मोठ्या आईच्याही आयुष्यात तेच घडत होतं. मोठे बाबा गेले, तिने कपाळ मोकळं केलं, सुना आल्या, किल्ल्या कमरेवरून उतरल्या. पडद्यावरची एक बाई आणि पडद्यापुढची एक बाई बरोबरीने उतरणीला लागल्या. "चार दिवसाचे अकरा वर्षं झाले ना वं," ती म्हणायची, "सरकारी कामावानी."

ऑस्ट्रेलियात 'होम अँड अवे' नावाची मालिका १९८८ पासून चालू आहे. केट रिची तिच्यात आली तेव्हा लहान पोर होती, सॅली फ्लेचर म्हणून तिथेच मोठी झाली आणि २००८ साली बाहेर पडली. वीस वर्षं तिकडच्या घरांनी तिला वाढताना पाहिलं. वाढणं पाहायला सगळ्यांना आवडतं. पिकणं पाहायला बसणारे लोक आमच्याकडे निघाले, याचा मला थोडा अभिमान आहे.

एका दोन ऑक्टोबरला 'गांधी' लागला होता. मोठ्या आईने तो आधी कधी धड पाहिला नव्हता. बा पडद्यावर आल्या तशी ती वाती टाकून पुढे सरकली. "अवं, हे तं आपली आशालता! गांधीबाबाच्या घरी काय करून रायली?" मी समजावलं की कस्तुरबा आधीची, आशालता नंतरची. तिने ऐकून घेतलं आणि आपलंच खरं धरलं. सबंध सिनेमा तिने आशालताबाईंचं माहेरपण पाहावं तसा पाहिला. शेवटी आगाखान पॅलेसमध्ये बा जातात, तेव्हा मात्र ती गप्प झाली नाही, उलट बोलायला लागली. तिच्या सासूने सांगितलेलं बोलली.

आष्टीतली १९४२ची नागपंचमी. त्या दिवशी आमच्याकडे चुलीवर तवा ठेवत नाहीत, विळी हातात धरत नाहीत. बाया उकडलेलं करून पुरुषांची वाट पाहत होत्या, आणि पुरुष ठाण्यावर तिरंगा लावायला गेले होते. गोळ्या सुटल्या. गावची माणसं पडली, चवताळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मेले. मग पलटण आली आणि घरं धुंडाळली गेली. गावाच्या नावापुढे 'शहीद' लागलं ते त्या १६ ऑगस्टमुळे. आदल्याच दिवशी आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई गेले होते. बा तिथे होत्या. ९ ऑगस्टला मुंबईत शिवाजी पार्कच्या सभेला निघताना त्यांना अटक झाली होती. १९४४च्या २२ फेब्रुवारीला त्या तिथेच वारल्या. सेवाग्रामच्या कुटीत परत आल्या नाहीत. आमच्या आजीच्या पिढीतल्या पुष्कळ जणींचे नवरे तेव्हा तुरुंगात होते, आणि फाशी होते की सुटका, याची वाट पाहण्यात घरची पेरणी-निंदणी थांबली नव्हती. त्या बायकांची नावं स्मारकावर नाहीत. स्मारकाला ते शक्यही नव्हतं, म्हणा.

"ते पण सासूच झाली ना शेवटी," मोठी आई बांबद्दल म्हणाली. "आश्रमाची सासू. एवढ्या लोकायचं जेवण-खाण, कोणाले काय पथ्य, तिलेच पाहा लागत असन." गांधींवर शेल्फभर पुस्तकं वाचूनही हे मला सुचलं नव्हतं. आणि रोहिणीबाईंच्या दोन टोकांच्या दोन भूमिका मला पहिल्यांदा एकाच बाईच्या वाटल्या. सहज म्हणून सांगते, कस्तुरबा आणि रोहिणीबाई, दोघींची जन्मतारीखही एकच, ११ एप्रिल.

'होणार सून मी ह्या घरची'मध्ये त्या गोखल्यांची आईआजी झाल्या तेव्हा मोठ्या आईला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. सासूची आजी व्हायचीच. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' आला. जिल्ह्याजिल्ह्यांतून बाया गटागटाने, साड्या ठरवून, थिएटरांत गेल्या. आमच्या गल्लीनेही जीप केली. मोठी आई गुडघ्यांमुळे नको नको म्हणत होती, पण पुढची सीट तिला दिल्यावर तयार झाली. सिनेमातल्या सहा बहिणींत रोहिणीबाई सगळ्यांत मोठ्या, जया. मंगळागौरीच्या खेळात त्याही उतरतात. थिएटरात बाया उभ्या राहून नाचत होत्या, आणि मोठी आई खुर्चीच्या दांड्या धरून बसल्या बसल्या पडदा निरखत होती. मध्यंतरात समोसे आले. तिने आपला समोसा हातातच धरला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कावं, हिचे केस आता खरेच पिकले, का अजून रंगवतेत?"

मी म्हटलं, आता खरेच असतील.

"मंग बरं हाय," ती म्हणाली आणि समोशात मिरची फार झाली म्हणून कॅन्टीनवाल्याला शोधायला लागली.