पात्र आणि शरीर : एका ख्रिस्ती महाविद्यालयातील नाट्यशिक्षण

जोनास बॅरिश यांचा 'द अँटिथिएट्रिकल प्रेज्युडिस' हा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य परंपरेतील नाट्यद्वेषाचा इतका सविस्तर शोध त्याआधी क्वचितच कोणी घेतला असेल. प्लेटोपासून निघालेली ही परंपरा तर्तुलियन, ऑगस्टिन, इंग्लंडमधील प्युरिटन लेखक आणि रूसो यांच्यामार्फत अगदी आधुनिक काळापर्यंत येऊन पोहोचते. हा ग्रंथ हाती पडण्याच्या आधीच त्यातील विषय मला एका छापील आचारपत्रकाच्या रूपाने भेटला होता. १९९३ ते १९९७ ही चार वर्षे मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका ख्रिस्ती लिबरल आर्ट्स महाविद्यालयात नाट्य आणि नृत्य शिकले. प्रवेशाच्या वेळी ज्या पत्रकावर सही करावी लागे, त्यात मद्य, तंबाखू आणि जुगार यांच्या पंक्तीला 'सामाजिक नृत्य' बसवलेले होते. त्याच पाकिटातून आलेल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत नृत्याचे वर्गही होते. स्त्री-पुरुषांनी एकत्र येऊन करमणुकीसाठी केलेले नृत्य निषिद्ध आणि प्रत्येकाने आरशासमोर, गुणांसाठी केलेले नृत्य विहित, असा हा विवेक असल्याचे मला पुढे समजले.

हा विवेक त्या एका संस्थेपुरता नव्हता. अमेरिकेतील ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने १९२८ साली नाटके पाहणे, नृत्य करणे आणि पत्ते खेळणे या तीन 'ऐहिक करमणुकीं'पासून सावध राहण्याचा आदेश दिला होता. चित्रपट हे संस्कृतीचे एक वैध माध्यम आहे, हे त्याच धर्मसभेने मान्य करायला १९६६ साल उजाडले. १८६० साली स्थापन झालेल्या इलिनॉयमधील व्हीटन कॉलेजने विद्यार्थ्यांवरील नृत्यबंदी उठवली ती २००३ साली. धर्मसंस्था कलेविषयी असे निर्णय घेतात त्यामागे केवळ सोवळेपणा असतो असे समजणे सोयीचे आहे. मला मात्र त्यामागे अभिनयाचा एक पुरता विचार दिसतो, आणि त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष द्यायला हवे असे वाटते.

त्या विचाराची सर्वांत स्पष्ट मांडणी अब्राहम कायपर यांच्याकडे आढळते. हे डच धर्मशास्त्रज्ञ पुढे, १९०१ ते १९०५ या काळात, नेदरलँड्सचे पंतप्रधान होते. १८९८ साली प्रिन्स्टन येथे त्यांनी कॅल्व्हिनवादावर व्याख्याने दिली. आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो रसायनशास्त्राचा असो वा नाटकाचा, ही व्याख्याने वाचावी लागत. कायपर यांना कल्पनाशक्तीचे वावडे नाही. नाट्यवाङ्मयही त्यांना त्याज्य वाटत नाही. त्यांचा आक्षेप नटाच्या देहाशी आणि चारित्र्याशी निगडित आहे. जो माणूस रोज रात्री दुसऱ्याचे चारित्र्य अंगावर चढवतो, त्याचे स्वतःचे चारित्र्य घडायचे कधी? प्रेक्षकाच्या दोन घटकांच्या सुखासाठी एका माणसाने आपल्या आत्म्याची झीज सोसावी हे अनैतिक आहे, असा त्या युक्तिवादाचा आशय आहे. यात गंमत अशी की हा युक्तिवाद मूळचा रूसोचा. जिनिव्हा या कॅल्व्हिनच्या नगरात नाट्यगृह असावे अशी सूचना दालांबेर यांनी केली, तेव्हा १७५८ सालच्या प्रदीर्घ पत्रात रूसोने नटाच्या व्यवसायावर जवळजवळ हाच ठपका ठेवला होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तत्त्वांना विरोध करण्यासाठी पक्ष उभारणाऱ्या कायपर यांनी नटाच्या बाबतीत मात्र रूसोशी हातमिळवणी करावी, याची आमच्या वर्गात कोणी दखल घेतल्याचे आठवत नाही.

कायपर वाचताना मला सतत माझे आजोबा आठवत. ते नगर जिल्ह्यात पाळक होते. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) १८३१ साली पडले, आणि आमचे घराणे त्याच परंपरेतले. आमच्या घरी तमाशाचे नाव काढायची सोय नव्हती. मी पुण्यात भरतनाट्यम् शिकू लागले, तेव्हा आजोबांनी मला बंदी केली नाही. एवढेच विचारले, ''नाचशील ते ठीक आहे गं, पण अभिनयात हात कोणापुढे जोडशील?'' प्रश्न साधा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मद्रासेत सुधारकांनी आणि मिशनऱ्यांनी जी नाचविरोधी चळवळ केली, तिच्या रेट्यात देवदासींचे नृत्य बदनाम झाले. पुढे तेच नृत्य वरच्या जातींतील स्त्रियांनी 'शास्त्रीय' म्हणून रंगमंचावर आणले. ज्यांनी ते देवळात जपले होते त्या बाजूला पडल्या. मी शिकत होते ते नृत्य या दोन्ही व्यवहारांतून गाळून आलेले होते, आणि त्यांतल्या एका व्यवहाराशी माझ्या घराण्याचे नाते होते. ख्रिस्ती विषयांवर भरतनाट्यम् करणारे फ्रान्सिस बार्बोझा यांनी बडोद्यात या नृत्याचे शिक्षण घेतले, येशूसाठी आणि पवित्र आत्म्यासाठी नव्या हस्तमुद्रा कल्पिल्या. पण आजोबांचा प्रश्न मुद्रांचा नव्हताच. अभिनय करणारीचे शरीर जे दाखवते त्याला तिची संमती असते काय, हा तो प्रश्न होता. कायपर यांचाही तोच.

आणि तरीही आजोबा कीर्तन करीत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यापासून नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची परंपरा आपलीशी केली होती आणि नारायण वामन टिळकांनी ती जोपासली. नाताळच्या दिवसांत आजोबा उपरणे घेऊन उभे राहत, मागे पेटी आणि तबला असे. उत्तररंगात ते उभ्या जागी हेरोद राजा होत, दुसऱ्या क्षणी बाप्तिस्मा देणारा योहान होत आणि तिसऱ्या क्षणी बाजूला सरून दोघांवरही निरूपण करीत. हेरोदाचा मद दाखवल्याने त्यांच्या चारित्र्याची झीज होते असे मंडळीतल्या कोणाच्या मनात आले नसेल. कारण कीर्तनकाराला हेरोद व्हावे लागत नाही; तो हेरोदाचे वर्तन दाखवतो आणि स्वतःही उरतो. भरतनाट्यमातला एकहार्य अभिनय याच जातीचा आहे : एकच नर्तकी नायिका, सखी आणि नायक होते, आणि या तिघांची ये-जा उघडपणे आपल्यासमोर घडते.

मग माझ्या लक्षात येऊ लागले की नटाविषयीची नैतिक भीती अभिनयाच्या एका विशिष्ट सिद्धान्तातून निघालेली आहे. नट म्हणजे दुसरा 'होणारा' माणूस, असे मानले तरच कायपर यांचा आक्षेप लागू पडतो. अमेरिकेतले आमचे अभिनयाचे वर्ग याच गृहीतकावर चालत. स्तानिस्लाव्हस्कीच्या पद्धतीचे अमेरिकन रूप तिथे प्रमाण होते. वर्गाचा आरंभ प्रार्थनेने होई, आणि मग डोळे मिटून आपापल्या आयुष्यातले एखादे दुःख आठवायचे, ते संवादाखाली घालायचे. शिक्षकांचा आवडता शब्द 'प्रामाणिकपणा' हा होता. सकाळच्या उपासनेत उपदेशकही तोच शब्द वापरत. जी संस्था नटाला खोटे वागणारा म्हणून धाकात ठेवत होती, तिनेच अभिनयाची अशी रीत पत्करली होती की जीत नटाला खोटे वागायला जागाच राहू नये. मला ही विसंगती वाटत नाही. दोहोंच्या मुळाशी अंतःकरण आणि बाह्य वर्तन एकच असले पाहिजे ही मागणी आहे.

आपल्याकडे अभिनवगुप्ताने रस नटात नसतो असे म्हटले आणि नटाला 'पात्र' म्हटले. मद्याचा आस्वाद पिणारा घेतो, पेला घेत नाही. मराठीत 'पात्र' म्हणजे नाटकातली व्यक्ती, भांडे, नदीचा विस्तार, आणि लायक माणूसही. पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातही माणसांना मातीच्या भांड्यांची उपमा आहे. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून मी एक निबंध लिहिला होता. धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांना तो आवडला. नाट्यविभागाने तो 'अभिनयाच्या व्यवहाराशी असंबद्ध' ठरवला. मात्र आपल्या परंपरेने नटाला निर्दोष मानले, असा सूर मी त्यात लावला नव्हता. नाट्यशास्त्राच्या शेवटच्या अध्यायात भरताच्या मुलांना ऋषींची टवाळी केल्याबद्दल शूद्रत्वाचा शाप मिळतो, आणि स्मृतिकार नटाला श्राद्धाच्या पंक्तीतून उठवतात. सिद्धान्ताने मोकळे केलेल्या नटाला समाजाने बांधून ठेवले.

१९९५ च्या हिवाळ्यात विभागाने आर्थर मिलरचे 'द क्रूसिबल' हे १९५३ सालचे नाटक करायला घेतले. सेलममधील १६९२ च्या चेटूक-खटल्यांवरचे हे नाटक सुरू होते तेच मुळी रानात नाचताना सापडलेल्या मुलींपासून. नृत्यबंदी असलेल्या महाविद्यालयाने ते निवडावे यात धैर्य होते हे मान्य करायला हवे. भूमिकांची यादी लागली, तेव्हा मला टिट्युबाची भूमिका मिळाली होती. बार्बाडोसहून आणलेली ती गुलाम स्त्री मिलरने कृष्णवर्णीय रंगवली आहे आणि तिच्या तोंडी वेस्ट इंडीजची मोडकी बोली घातली आहे. विभागात गोरी नसलेली मी एकटीच होते. माझ्यामुळे भूमिकेला 'अस्सलपणा' येईल, असे दिग्दर्शकांनी मला आनंदाने सांगितले. नगरची मराठी आणि मिशन शाळेतले इंग्रजी बोलणाऱ्या मुलीने कॅरिबियन बोली घोकून अस्सल व्हायचे होते.

ग्रंथालयात सेलमच्या न्यायालयीन कागदपत्रांचे छापील खंड होते. त्यांत टिट्युबाचा उल्लेख वारंवार 'इंडियन' असा येतो. तिची कृष्णवर्णीय प्रतिमा पुढच्या काळातील लेखकांनी हळूहळू घडवली, असे चॅडविक हॅन्सन यांनी १९७४ सालच्या एका लेखात दाखवले आहे. 'इंडियन' हा शब्द अर्थातच माझ्या देशाचा नव्हता. कोलंबसाच्या गैरसमजुतीतून आलेले ते नाव. तरी त्या कागदावर तो वाचताना मी बराच वेळ पान उलटले नाही. १ मार्च १६९२ रोजी तिची चौकशी सुरू झाली. प्रश्न विचारणाऱ्यांना जे हवे होते ते तिने दिले : काळा माणूस, पिवळा पक्षी, काठीवर बसून केलेला प्रवास. तिने कबुली दिली आणि ती वाचली. ज्यांनी नाकारले त्यांतले एकोणीस जण फासावर गेले, एकाला दगडांखाली चिरडले. नाट्यगृहाला थारा नसलेल्या त्या वसाहतीत उत्तम अभिनय न्यायालयात झाला, आणि न्यायाधीशांनी त्याला प्रामाणिकपणा म्हटले.

त्याच सुमारास उपासनेच्या वेळी माझी 'साक्ष' द्यावी, असा निरोप आला. परदेशी विद्यार्थ्यांनी आपण ख्रिस्ताकडे कसे वळलो ते सांगावे अशी प्रथा होती. माझ्याकडे सांगण्यासारखे परिवर्तन नव्हते. बाप्तिस्मा माझ्या खापरपणजोबांनी घेतला होता, आणि त्यांना जे सोडावे लागले त्यातले बहुतेक आम्हाला आता ठाऊकही नाही. समोर बसलेल्या हजारेक मुलांना मूर्ती, अंधार आणि मग प्रकाश अशी गोष्ट अपेक्षित आहे हे मला कळत होते. टिट्युबाच्या संवादांचा सराव चालू असलेल्या आठवड्यात ती गोष्ट रचणे मला अवघड गेले नसते. मी घराण्याची सनावळी सांगितली, टिळकांविषयी चार वाक्ये बोलले आणि खाली बसले. सभ्य टाळ्या पडल्या.

प्रयोगाविषयी एकच नोंद करते. पडदा उघडण्याआधी रानातला नाच छायाकृतींत दाखवावा, असे दिग्दर्शकांच्या मनात होते, आणि तो मी बसवायचा होता. प्रशासनाने हरकत घेतली, नाच गळाला. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, मिलरनेच पटकथा लिहिलेला चित्रपट आला आणि त्याची सुरुवात नेमकी त्या रानातल्या दृश्याने होते. मुली नाचतात, भांडे उकळते, सगळे दिसते. मला वाटते, त्याने संहितेची फार मोठी हानी केली. नाटकात तो नाच कोणीच पाहत नाही. धर्मोपदेशक पॅरिस सांगतो, मुली सांगतात, न्यायालय सांगते, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तो वेगळा होतो. संहितेतील ही रिकामी जागाच सगळ्या खटल्याला इंधन पुरवते. आमच्या प्रशासनाने वेगळ्याच कारणासाठी ती जागा रिकामी राखली.

नृत्याच्या वर्गांविषयी थोडक्यात सांगता येईल. टेड शॉन मेथडिस्ट धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता, घटसर्पाने आजारी पडला आणि नृत्याकडे वळला. रूथ सेंट डेनिसबरोबर १९१५ साली त्याने 'डेनिशॉन' काढले. तिने १९०६ साली 'राधा' हे नृत्य केले होते, आणि त्यांची मंडळी १९२५-२६ मध्ये आशियाच्या दौऱ्यात हिंदुस्थानातही आली होती. मार्था ग्रॅहम त्यांचीच विद्यार्थिनी. हा सगळा वंशवृक्ष आमच्या शिक्षिका श्रद्धेने शिकवत. ग्रॅहमच्या तंत्रात धड आकुंचन पावते आणि मोकळे होते. अरैमंडीत धड उभे आणि अविचल ठेवायला शिकलेल्या माझ्या पाठीला ते शेवटपर्यंत नीट साधले नाही.

अखेरच्या वर्षी प्रत्येकाला स्वतंत्र प्रयोग करावा लागे. मी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला सहावा अध्याय घेतला. कराराचा कोश नगरात येतो आणि दावीद राजा त्यापुढे बेभान नाचतो. बहुतेकांनी दावीद केला असता. मी मीखल केली. ती शौलाची मुलगी, दाविदाची बायको, आणि खिडकीतून ते पाहणारी. तिला राजाचा तिरस्कार वाटतो, ती ते बोलून दाखवते, आणि मरेपर्यंत तिला मूल झाले नाही असे सांगून शास्त्र तिला सोडून देते. पंचवीस मिनिटांच्या त्या एकहार्य प्रयोगात दाविदाचे नृत्य फक्त तिच्या डोळ्यांत होते. पाय मी एका जागी ठेवले होते. प्रश्नोत्तरांत एका प्राध्यापकांनी विचारले, मीखल बरोबर होती असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? मी म्हणाले, तिची बाजू दाखवताना मी तिच्या बाजूची झाले की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्यांनी ते टिपून घेतले. माझ्या गुणपत्रिकेत हा प्रयोग 'शारीरिक शिक्षण' या शीर्षाखाली नोंदलेला आहे.