भाभीचे वांग आणि उन्हाचे मलम

नवतपा लागला की गोंदिया जिल्ह्यात भर दुपारी रस्ते ओस पडतात. तरी आशाताईंच्या घरभेटी थांबत नाहीत. माझी भाभी तिरोडा तालुक्यात आशा सेविका आहे. दुसऱ्या बाळंतपणात तिच्या गालांवर वांगाचे डाग उमटले. गरोदरपणातील हार्मोनमुळे ते येतात आणि उन्हाने गडद होतात. नात्यातल्या एकीने गोरे करणारी क्रीम आणून दिली. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉईड असते. चेहरा आधी उजळतो, मग त्वचा पातळ होऊन लाल पडते.

त्याऐवजी सनस्क्रीन लावायचे ठरले, तेव्हा भाभी म्हणाली, "बाजी, बाळ अंगावर पितं. केमिकल मी तोंडाला लावणार नाही."

तिची शंका रास्त होती, म्हणून मी माहिती काढली. सनस्क्रीन दोन प्रकारचे असते. रासायनिक प्रकारात ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन यांसारखी द्रव्ये असतात. ती अतिनील किरणे शोषून त्यांची उष्णता करतात. खनिज प्रकारात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असते. घामोळ्यांवरच्या गुलाबी कॅलामाइनमध्येही झिंक ऑक्साइडच असते. खनिजे किरणे आरशासारखी परतवतात असे म्हणतात, पण तीही बहुतेक किरणे शोषूनच घेतात. खरा फरक असा की खनिजे त्वचेवरच राहतात. अमेरिकेत 2019 मध्ये 24 जणांवर झालेल्या चाचणीत रासायनिक द्रव्ये रक्तात उतरलेली आढळली. त्याने अपाय होतो असे सिद्ध झाले नाही. संशोधकांनी सनस्क्रीन सोडू नका असेच सांगितले. पण त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने झिंक आणि टायटॅनियम यांनाच सुरक्षित मानण्याचा प्रस्ताव मांडला आणि 12 रासायनिक द्रव्यांबद्दल अधिक पुरावा मागितला.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी मग खनिजच बरे, असे डॉक्टरांचेही मत पडले. अडचण एकच, सावळ्या चेहऱ्यावर ते पिठासारखे पांढरे दिसते. त्यावर त्वचेच्या रंगाचे, आयर्न ऑक्साइड घातलेले सनस्क्रीन मिळते. वांग साध्या उजेडानेही वाढते आणि आयर्न ऑक्साइड तो उजेडही अडवते, म्हणून तेच घेतले.

वुजूत पाणी त्वचेपर्यंत पोहोचायला हवे. म्हणून जुहरआधी भाभी चेहरा साबणाने धुऊन थर काढते आणि नमाजनंतर दोन बोटांवर मावेल इतके मलम पुन्हा लावते. तसेही उन्हात दर दोन तासांनी ते लावावेच लागते.

ही ट्यूब स्वस्त नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना ती घ्या म्हणणे मला जमणार नाही. त्यांच्यासाठी घट्ट विणीचा सुती दुपट्टा आणि जमेल तिथे सावली हाच चांगला उपाय आहे. कापड घामाने वाहून जात नाही. भाभीही छत्री आणि दुपट्टा सोडत नाही. तिचे डाग पुसले गेलेले नाहीत, फिके झाले आहेत. बाळ दूध पिते, आई कामावर जाते आणि ती गोरी क्रीम घरात कुणी पुन्हा आणलेली नाही.