अर्ध्या सूर्याची खुर्ची

फिलाडेल्फियातील इंडिपेंडन्स हॉल ही लाल विटांची, मनोऱ्याची वास्तू प्रथमदर्शनी अगदी साधी वाटते. आपल्याकडील राजवाडे पाहिलेल्या प्रवाशाला ती एखादी जुनी पाठशाळाच भासावी. परंतु तळमजल्यावरील सभादालनात पाऊल टाकताच आपला आवाज आपोआप खाली येतो. हिरव्या कापडाने आच्छादलेली मेजे, त्यांवर पिसांच्या लेखण्या आणि समोर अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा येथेच संमत झाला आणि १७८७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेची राज्यघटनाही येथेच आकाराला आली.

बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी येथे जमले होते. ऱ्होड आयलंडने कोणासही पाठविले नाही. त्यापूर्वीच्या करारात केंद्राला कर बसविण्याचा अधिकार नव्हता आणि एक शब्द बदलायचा तरी तेराही राज्यांची संमती लागे. त्या अनुभवातून शहाणे होऊन त्यांनी नव्या घटनेच्या पाचव्या कलमात दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी प्रस्ताव मांडावा आणि तीन चतुर्थांश राज्यांनी तो मान्य करावा, ही आजवर रूढ झालेली रीत त्याच कलमातली. आपल्या हातून काही चुकले असेल, याची ती नम्र कबुलीच म्हणावी.

आणि चुकले होतेच. प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांची गणना तीन पंचमांश धरली गेली. ‘गुलाम’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळला. नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, म्हणून जॉर्ज मेसन यांनी सहीच केली नाही. अखेर १७ सप्टेंबर रोजी ३९ जणांनी स्वाक्षऱ्या केल्या.

शेजारच्याच काँग्रेस हॉलमध्ये १७९० ते १८०० पर्यंत देशाची संसद भरत असे. याच काळात, १७९१ साली, मेसन यांना हवी असलेली हक्कांची सनद पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या रूपाने घटनेत आली. परंतु पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत नेण्याचा १७९३ चा कायदाही याच इमारतीत संमत झाला!

तेथून चार पावलांवर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राहत असलेल्या घराची जागा आहे. पेनसिल्व्हेनियात सहा महिने सलग राहिलेला गुलाम मुक्त होई. म्हणून वॉशिंग्टन ती मुदत भरण्याआधीच आपल्या गुलामांना राज्याबाहेर पाठवीत. १७९६ साली याच घरातून ओना जज नावाची तरुण दासी निसटली. ती पुन्हा हाती लागली नाही. पण १८४८ साली मरण पावली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती फरारी गुलामच होती. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी दुरुस्ती त्यानंतर १७ वर्षांनी, १८६५ साली झाली.

पुढे चौदाव्या दुरुस्तीने समान संरक्षण दिले, पंधराव्या दुरुस्तीने वर्णामुळे मताधिकार नाकारण्यास मनाई केली आणि स्त्रियांना मताधिकाराची घटनात्मक हमी मिळण्यास १९२० साल उजाडले. अठराव्या दुरुस्तीने आणलेली दारूबंदी एकविसाव्या दुरुस्तीने उठविली. १७८९ साली मांडलेली एक दुरुस्ती तर १९९२ साली मंजूर झाली; तीच सत्ताविसावी आणि आजवरची शेवटची.

एका पिढीला पुढील पिढ्यांना बांधून ठेवण्याचा अधिकार नाही, हा जेफरसन यांचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी आपल्या संविधान सभेत उद्धृत केला होता. त्याचा अर्थ या दालनात उभे राहिल्यावर अधिक उमगतो.

निघताना पुन्हा त्या खुर्चीकडे दृष्टी वळली. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. तो उगवता की मावळता, असा प्रश्न ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिन यांना बैठकीभर पडला होता. स्वाक्षऱ्या होताना, तो उगवताच आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. ओना जजच्या दारी मात्र त्याचे किरण तिच्या हयातीत पोहोचले नाहीत. सूर्य अर्धाच कोरला आहे, हेच मला अधिक खरे वाटले.